शोकेसची वायरिंग

दाऊद सारंगांनी बोलावलं
शोकेसमध्ये दिवे बसवायला.
म्हटलं, चायनाची माळ टाकू, दीडशेत काम.
म्हणाले, माळ लग्नाला.
हे एकोणतीस जण आहेत,
प्रत्येकाची पापणी वेगळी.

एकोणतीस दीपगृहं, वितीपेक्षा मोठं एकही नाही.
चिनीमातीची, पितळी, एक काड्यापेटीच्या काड्यांचं,
कुठल्याशा तुरुंगातल्या माणसानं चिकटवलेलं.
प्लॅस्टरची दोन पावसाळ्यात फुगलेली,
पापुद्रे सुटलेले, आठवडाभर दाढी न केल्यासारखी.
पितळी तेवढी लख्ख:
कोकमाच्या सालीनं घासतात, दर जुम्म्याच्या आदल्या दिवशी.
एक शिंपल्यांचं, त्याच्या पोटात पालीची अंडी.
“ते मालवणचं,” सारंग जरा ओशाळले,
“नातीनं आणलं. राहू दे.”

मग वही काढली.
हे दहा सेकंदांत दोनदा.
हे पाचांत एकदा.
हे लाल, सावकाश, झोप न लागणाऱ्या माणसासारखं.
दाभोळच्या निम्म्या घरांचे फ्यूज मी बांधलेत,
पण उजेडाला नाव असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
एकोणतीस टायमर चिपळूणहून मागवले.

काम सोपं व्हावं म्हणून म्हटलं,
लालवाली एका फळीवर घेऊ, पाचवाली दुसऱ्या.
सारंग गप्प.
आतून जैतूनबी आल्या, पदराला हात पुसत.
“जागा हलवायची नाय.”

मला वाटलं, देशांप्रमाणे लावली असतील. नव्हती.
उंचीप्रमाणेही नव्हती.
बुटक्यामागे उंच, निळ्याशेजारी टवका उडालेलं,
मधल्या फळीवर चार दाटीवाटीनं
आणि त्यांच्यापुढे हातभर नुसती काच.

त्या बोट ठेवत गेल्या.
हे यांना दिसलं त्या रात्री मेहरून झाली.
हे, सासऱ्यांची माती.
ही चार एकाच वर्षातली: विहीर आटली, कौलं उडाली,
धाकट्याला कावीळ,
चौथ्यावरून बोट नुसतंच पुढे सरकलं.
ही मोकळी जागा कंपनी बुडाली तेव्हाची,
चौदा महिने हे घरी होते.
“तेव्हा बत्ती कशाला?”

सारंग भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होते.
चौतीस वर्षं सुकाणूवर उभा राहिलेला माणूस.
उजेड किती वेळाने येतो ते याला ठाऊक,
त्या उजेडात घरी काय चाललं होतं ते हिला.

सहा दिवस पाठीमागून भोकं पाडली,
वायर फळीच्या कडेनं नेली, मुंगीसारखी.
एकाचा कठडा माझ्या हातून तुटला.
फेविक्विक लावलं.
ते कशाचं होतं
ते मी विचारलं नाही.

सातव्या दिवशी मगरिबनंतर बटण दाबलं.
खाडीपलीकडे टाळकेश्वरची बत्ती फिरत होती,
इकडे एकोणतीस, ज्याची त्याची गत धरून.
सारंग ओठांत मोजत होते.
एवढ्यात लाईट गेली.
अंधारात मोजणं चालूच: सात, आठ, नऊ,
“आता,” ते म्हणाले,
आणि काहीच लागलं नाही.

लाईट आली तशी सगळी एकदम पेटली,
हजेरीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखी.
“असं समुद्रावर कधीच होत नाही,”
ते खुर्चीतून अर्धे उठले.
मग एकेक आपापल्या वाटेला लागलं,
तसे परत बसले.

जेवूनच जा म्हणाल्या.
भाकरी, अंड्याची पोळी,
आणि ताटाशेजारी तिसावं:
पांढरं, डोक्याला तीन भोकं, मीठदाणी.
हे कपाटात का नाही?
“त्या सफरीत घरी काहीच झालं नव्हतं,”
जैतूनबी म्हणाल्या.
आत तांदळाचे दाणे खुळखुळत होते, मीठ मात्र पडेना.
दमट हवा.
त्यांनी ते तळहातावर दोनदा आपटलं, थांबल्या,
पुन्हा दोनदा.